उंच छत, आखूड करार

न्यू जर्सीच्या उपनगरांत भाड्याचं घर शोधायला बसलं की 'लॉफ्ट-स्टाइल' हे विशेषण हमखास भेटतं. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर चार-पाच मजल्यांची नवी इमारत असते. आत शिरलं की मान आपोआप वर होते. बारा-चौदा फुटांवर छत, छताखाली मुद्दाम उघडे ठेवलेले डक्ट, एका भिंतीवर विटा, काळ्या चौकटींच्या उंच खिडक्या, मध्ये एकही आडभिंत नाही आणि झोपायला अरुंद जिना चढून जायचा अर्धा माळा. तेवढ्याच चौरस फुटांच्या साध्या घरापेक्षा भाडं अर्थातच जास्त. हे जास्तीचे पैसे कशाचे, असं विचारलं तर घर दाखवणारा माणूस सांगतो, मोकळेपणाचे.

या मोकळेपणाची एकदा नीट झडती घ्यायला हवी. लॉफ्ट नावाच्या घराला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मोकळेपणा छताच्या उंचीत कमी आणि भाडेकरूच्या हातात जास्त होता. भिंत कुठे घालायची, नळ कुठून न्यायचा, न्हाणीघर कुठे काढायचं हे राहणारा ठरवायचा. आणि पुढे पुढे, बरंच भांडून, एवढं सगळं केल्यावर आपल्याला कुणी सहजी बाहेर काढणार नाही ही हमीही त्यानं कायद्यात लिहून घेतली. उपनगरातल्या लॉफ्टनं यातलं छत तेवढं उचललं. भाडेकरूचा हात आणि त्याची हमी मागेच राहिली. घराच्या देखणेपणाला जास्त भाडं आणि घरातल्या माणसाच्या हक्काला काहीच मोल नाही, हा सौदा तिकडे सौम्य रूपात चालतो. मुंबई-ठाणे-पुण्यात आपण तोच सौदा फार कडक अटींवर करतो.

आधी घर जवळून पाहू. माझी भाची आणि तिचा नवरा अशाच एका घरात भाड्यानं राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही ते आवडलं होतं; उंच छताखाली माणसाला बरं वाटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण राहायला लागल्यावर घर बोलू लागतं. भिंतीवरच्या विटा खऱ्या नव्हेत, जिप्समच्या तक्त्यावर चिकटवलेल्या बोटभर जाडीच्या चकत्या. हिवाळ्यात गरम हवा वर जाते, म्हणजे माळ्यावर घामाघूम आणि खाली पायात लोकरीचे मोजे. छताच्या पंख्याचं बटण फिरवून तो उलटा चालवावा लागतो, मग ऊब खाली येते. आणि भिंत नसल्यामुळे मोहरी तडतडली की हिंग-कढीपत्त्याचा वास थेट अंथरुणात. मिरचीचा ठेचा करायचा तर आधी बाल्कनीचं दार उघडायचं आणि एकानं धुराच्या अलार्मखाली टॉवेल हलवत उभं राहायचं, असा त्या घरातला शिरस्ता आहे.

यावरचा उपाय कुठल्याही मराठी घरात पटकन सुचला असता: ओट्याच्या कडेला एक काचेचं पार्टिशन. पण भाडेकरार तसं करू देत नाही. भिंतीला रंग द्यायचा तर लेखी परवानगी आणि जाताना मूळ पांढरा करून द्यायची अट. खिळे बारीक, चित्रं टांगण्यापुरते. ड्रिल वापरायचं नाही. फळी ठोकायची नाही, दिवा बदलायचा नाही. कारखान्याचा आव आणणाऱ्या घरात हातोडी चालवायला बंदी आहे. यातला विनोद घरमालक कंपनीच्या लक्षात आला नसावा.

आता मूळ लॉफ्टकडे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, आज ज्या भागाला सोहो म्हणतात तिथे, एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाच्या इमारती उभ्या राहिल्या. मोठ्या खिडक्या, अवजड माल पेलणारी जमीन, खांबांमधली मोकळी जागा. कापड, कपडे, कागद, छपाई, गोदामं. विसाव्या शतकाच्या मध्यावर धंदे बाहेर पडू लागले, कारण ट्रकला त्या अरुंद गल्ल्या सोसत नव्हत्या आणि एकावर एक मजल्यांच्या कारखान्यापेक्षा शहराबाहेरची एकमजली शेड स्वस्त पडत होती. आगी इतक्या लागत की अग्निशमन दलात या भागाला 'नरकाचे शंभर एकर' म्हणत. त्यात नगरनियोजक रॉबर्ट मोझेस यांनी आखलेला महामार्ग याच भागावरून जाणार होता. जी इमारत उद्या पाडायची तिच्यात मालक पैसे कशाला घालेल? लेखिका जेन जेकब्ज आणि स्थानिक रहिवाशांच्या विरोधानं हा रस्ता 1960च्या दशकाच्या अखेरीस बारगळला, पण तोवर वर्षानुवर्षं भाडी पडलेलीच होती.

या पडलेल्या भाड्यांत चित्रकार, शिल्पकार, नर्तक शिरले. त्यांना मोठे कॅनव्हास आणि मोठी शिल्पं करायला जागा हवी होती. कायद्यानं तिथे राहायला बंदी होती, कारण तो भाग औद्योगिक होता. करार धंद्याचा, राहणं चोरून. बऱ्याच इमारतींत संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी वाफेची ऊब बंद व्हायची, कारण कागदोपत्री तेव्हा तिथे कुणीच नसायचं. तपासनीस आला की गादी गुंडाळून लपवायची. न्हाणीघर नाही, स्वयंपाकघर नाही, विजेची जोडणी यंत्रांसाठीची. भाडेकरूंनी पदरच्या पैशानं आणि स्वतःच्या हातानं नळ टाकले, तारा ओढल्या, जमिनी घासल्या. 1961मध्ये कलावंत भाडेकरूंनी संघटित होऊन शहराकडून थोडी सूट मिळवली, तेव्हा दारावर तीन अक्षरांची पाटी आणि मजल्याचा आकडा लावायची अट आली. हेतू एवढाच, की आग लागली तर बंबवाल्यांना कळावं, वर माणूस राहतो. 1971मध्ये सोहोत कलावंतांचं राहणं नियमात बसलं.

कलावंत आले, त्यांनी घरं राहण्याजोगी केली आणि भाग चमकला, इथवरची गोष्ट सगळे सांगतात. तिचा पुढचा अर्धा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. भाग चमकल्यावर मालकांना जाग आली. ज्यानं पदरचे पैसे घालून गोदामाचं घर केलं त्यालाच 'तू इथे बेकायदा राहतोस' म्हणून काढायचं आणि तेच घर चढ्या भाड्यानं पैसेवाल्याला द्यायचं, हे सुरू झालं. यावर भाडेकरू लढले आणि 1982मध्ये न्यूयॉर्क राज्यानं लॉफ्टचा कायदा केला. 1 एप्रिल 1980 ते 1 डिसेंबर 1981 या काळात ज्या व्यापारी वा औद्योगिक इमारतीत तीन किंवा अधिक कुटुंबं स्वतंत्रपणे राहत होती, तिथल्या भाडेकरूंना संरक्षण मिळालं. इमारत राहण्यायोग्य करण्याची, म्हणजे जिने, आगीची व्यवस्था, परवाने यांची जबाबदारी मालकावर आली आणि भाडेवाढ नियमात बांधली गेली. हे सगळं पाहायला स्वतंत्र लॉफ्ट बोर्ड नेमलं गेलं.

या कायद्यातली एक तरतूद मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटते. भाडेकरू घर सोडताना त्यानं केलेल्या सुधारणा, म्हणजे न्हाणीघर, स्वयंपाकघर, पार्टिशनं, नव्या भाडेकरूला विकू शकतो. मालकाला हव्या असतील तर त्यानं वाजवी किंमत देऊन त्या घ्याव्यात. म्हणजे जमीन आणि भिंती मालकाच्या, पण त्या भिंतींच्या आत घातलेले कष्ट भाडेकरूचे, आणि त्या कष्टांना किंमत आहे. आपल्याकडच्या पागडीशी याचं वरवर साम्य दिसेल. पण पागडीत पैसा ताब्यासाठी दिला जातो, कुणी एक वीट हलवलेली नसली तरी. लॉफ्टमध्ये पैसा केलेल्या कामासाठी होता. भाडेकरूला पाहुणा न मानता घर घडवणारा मानणारा कायदा जगात फार ठिकाणी नाही.

त्याच वर्षी, 1982मध्ये, समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांचं 'लॉफ्ट लिव्हिंग' हे पुस्तक आलं. कलावंतांचं राहणं हे बांधकामाच्या भांडवलासाठी वाट मोकळी करणारं ठरलं, छोटे कारखाने आणि त्यातले कामगार यांना बाहेर ढकलण्यात त्याचा हात होता, हे त्यांनी दाखवलं. ही बाजू विसरून चालणार नाही. सोहोतल्या चित्रकाराला जागा मिळाली, कारण शिवणकाम करणाऱ्या बाईची नोकरी गेली होती. आणि ज्या भाडेकरूंना कायद्यानं राखलं ते राहिले, त्यांच्या मागून येणाऱ्या गरीब कलावंताला सोहोचं दार बंदच झालं. हक्क बसलेल्या माणसाला मिळाला. उभ्या असलेल्याला नाही. भाडेकरूच्या बाजूनं बोलणाऱ्यानं ही अडचण टाळू नये. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

गोदामं संपली तेव्हा बिल्डरांनी नवी 'गोदामं' बांधायला घेतली. जुन्या इमारतीचं रूपांतर असलेलं घर आणि लॉफ्टसारखं दिसणारं नवं बांधकाम असे दोन वर्ग उत्तर अमेरिकेच्या घरबाजारात सर्रास मानले जातात. उपनगरात बहुतेक दुसरा वर्ग सापडतो, कारण तिथे जुने कारखाने मुळात थोडे. अपवाद आहेत. वेस्ट ऑरेंज या उपनगरात थॉमस एडिसन यांच्या बॅटरी कारखान्याची भक्कम काँक्रीटची इमारत आता भाड्याच्या लॉफ्ट-घरांची झाली आहे. पण खरी वीट असो की चिकटवलेली, भाडेकरार सारखाच असतो. एडिसनच्या कारखान्यात राहिलात म्हणून दिवा बदलायची मुभा मिळते असं नाही.

इथे उपनगराचा स्वतःचा इतिहासही पाहायला हवा, कारण तिथे भाडेकरू हाच मुळात नकोसा होता. 1926मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाच्या खटल्यात जमीनवापराचे विभाग पाडण्याचा गावाचा अधिकार मान्य केला. त्या निकालात, बंगल्यांच्या वस्तीतली भाड्याच्या घरांची इमारत म्हणजे शेजारच्या मोकळ्या जागेवर जगणारं बांडगूळ, अशा अर्थाचा शेरा आहे. त्यानंतर गावोगावच्या नियमांनी मोठे भूखंड आणि स्वतंत्र घर एवढंच चालेल अशी व्यवस्था केली. गरीब, काळे, भाड्यानं राहणारे आपोआप बाहेर.

गंमत अशी की उपनगरांचं प्रतीक म्हणून ज्या लेव्हिटाउनचं नाव घेतात, त्याची सुरुवात भाड्याच्या घरांनी झाली. 1947मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या बटाट्याच्या शेतांवर युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी महिना 60 डॉलर भाड्यानं ही घरं देण्यात आली. विकत द्यायला सुरुवात नंतर झाली. करारात गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही असं चक्क लिहिलेलं होतं, हा त्या वस्तीवरचा कायमचा कलंक. घर साडेसातशे चौरस फुटांचं, दोन खोल्या झोपायच्या. पण उतरत्या छपराखालचा माळा बिल्डरनं मुद्दाम अपुरा ठेवला होता. कुटुंब वाढलं, पैसा आला की तुमच्या हातानं पुरा करा. लोकांनी तो केला. माळ्यावर खोल्या काढल्या, खिडक्या फोडल्या, बाजूला पडव्या घातल्या. साच्यातून काढल्यासारखी ती घरं काही वर्षांत एकमेकांसारखी दिसेनाशी झाली. पण हा हात चालला तो प्रामुख्यानं घर मालकीचं झाल्यावर. उपनगरात आपल्या मनासारखं घर करून घेणं हा मालकाचा विशेषाधिकार ठरला.

या भिंतीला न्यू जर्सीत तडा गेला. एथेल लॉरेन्स या काळ्या बाईनं आणि तिच्या बरोबरीच्या लोकांनी माउंट लॉरेल गावाविरुद्ध लढलेल्या खटल्यात 1975मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वाढत्या गावांना आपल्या नियमांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवता येणार नाही. त्या गावांनी आपल्या वाट्याची घरं होऊ दिली पाहिजेत. गावांनी पुढे अनेक वर्षं खळखळ केली, पण स्टेशनांजवळच्या भाड्याच्या इमारतींच्या मागे हा निकाल आणि त्यातून आलेले नियम उभे आहेत. म्हणून उपनगरातल्या 'लॉफ्ट-स्टाइल' इमारतीची नुसती टिंगल करणं मला मान्य नाही. अनेक दशकं ज्या दारावर भाडेकरूला मज्जाव होता ते दार तिनं थोडं उघडलं आहे. झुकिन यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर तेही इथेच सापडेल. बसलेल्याला हक्क हवेत, तसंच उभ्या असलेल्यासाठी नवी घरंही बांधली गेली पाहिजेत. एकाच्या नावानं दुसऱ्याला अडवता कामा नये.

आणि न्यू जर्सीनं आणखी एक गोष्ट केली आहे, जी तिथल्या आपल्या मराठी भाडेकरूंना बहुधा कुणी सांगत नाही. 1974च्या तिथल्या कायद्यानुसार, मालक स्वतः राहतो अशा छोट्या इमारती वगळता, कराराची मुदत संपली एवढ्या कारणावरून भाडेकरूला काढता येत नाही. भाडं थकवलं, नासधूस केली, शेजाऱ्यांना सतत त्रास दिला, अशी कायद्यात मोजून लिहिलेली कारणं लागतात आणि ती कोर्टात दाखवावी लागतात. भाडं वाढवता येतं, पण अवाच्या सवा वाढवलं तर भाडेकरू त्याला आव्हान देऊ शकतो. अनामत रक्कम दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ती व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायची आणि घर सोडल्यापासून तीस दिवसांत हिशेबासह परत करायची. भाचीच्या घरातल्या विटा खोट्या असतील, पण तिच्या पायाखालची जमीन बऱ्यापैकी खरी आहे. तिला पार्टिशन घालता येत नाही, तरी दरवर्षी बोचकं बांधायची धास्ती नाही.

आता आपल्याकडे या. मुंबईनं लॉफ्ट अमेरिकेकडून घेण्याची गरज नव्हती. तो चाळीत होताच. दहा-बारा फुटांच्या खोलीत सहा-आठ माणसं, म्हणून सुताराला बोलावून पोटमाळा घातला जाई. खाली संसार, वर अभ्यास, ट्रंका, वाती-समयांपासून दिवाळीच्या आकाशकंदिलापर्यंत सगळं सामान, आणि नवीन लग्न झालं की वर नवं जोडपं. गिरणगावातल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये वाकून उभं राहावं लागणाऱ्या या अर्ध्या मजल्यानं पिढ्या वाढवल्या. ही घडणूक भाडेकरूची होती, मालकाची नव्हे.

आणि कायदा तेव्हा भाडेकरूच्या बाजूनं होता, किंबहुना फारच होता. 1947च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीशी बांधली. महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं. महिन्याच्या भाड्यात जिन्यातला दिवा बदलता येईना, मग मालकानं दुरुस्ती सोडून दिली, इमारती खचल्या आणि 1969चा दुरुस्तीचा कायदा करून सरकारला उपकर गोळा करत त्यांना टेकू द्यावे लागले. मालकानं नवी घरं भाड्यानं देणंच बंद केलं. अखेर सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्यांची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं सांगितलं आणि 1999चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. माझ्या युक्तिवादाविरुद्धचा सगळ्यात वजनदार पुरावा हाच आहे, आणि तो मी मान्य करतो. हक्क दिले आणि भाडं गोठवलं, तर घर कोसळतं.

पण यातून आपण शिकलो काय? भाडं मोकळं करायचं आणि हक्क राखायचे, हा न्यू जर्सीसारखा मार्ग होता. आपण भाड्याबरोबर हक्कही मोकळे सोडून दिले, म्हणजे वाऱ्यावर सोडले. आज मुंबई-पुण्यात घर भाड्यानं घेणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो. तो 'लीव्ह अँड लायसन्स'वाला परवानाधारक असतो. 1882च्या सुविधाधिकार कायद्यानुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करायची नुसती मुभा. जागेत कसलाही हितसंबंध नाही. मुदत संपल्यावर राहिलात तर 1999च्या कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं भरपाई. मुदत किती? अकरा महिने. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, या 1908च्या नोंदणी कायद्यातल्या पळवाटेतून ही सवय पडली. आता महाराष्ट्रात परवान्याचा करार कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो; म्हणजे पळवाट बुजली, तरी अकरा आकडा मात्र श्रावणासारखा दरवर्षी येतच राहिला.

त्याच 1999च्या कायद्यात एक कलम आहे. भाडेकरूनं मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर त्याला काढता येतं. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सिलिंग, एसी, धुराडं ही कामं पक्कं बांधकाम धरायची नाहीत, पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घ्यावी. राहणाऱ्याच्या गरजा ओळखणारा, घरात वावरणाऱ्या माणसानं लिहावा असा हा मजकूर आहे. पण तो जुन्या भाडेकरूसाठी. ज्याला खिडकी फोडायची मुभा आहे तो मोडकळीस आलेल्या चाळीत पुनर्विकासाची वाट पाहत बसलाय, आणि नव्या टॉवरमधल्या परवानाधारकाला गणपतीची आरास टांगायला खिळा ठोकण्यापूर्वी मालकाला व्हॉट्सॲप करावा लागतो.

सगळ्यात वाईट वाटा पोटमाळ्याच्या थेट वारसदाराला मिळाला आहे. धारावीत खाली कारखाना किंवा मालकाचं बिऱ्हाड आणि वर लोखंडी शिडीनं चढायचा भाड्याचा माळा, हे सर्रास दिसतं. काम आणि वस्ती एका छपराखाली, म्हणजे सोहोच्या मूळ लॉफ्टचं जिवंत रूप. झोपडपट्टी पुनर्वसनात हक्काच्या मोफत घराची पात्रता तळमजल्याची. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला ती नाही. धारावीच्या नव्या योजनेत त्यांच्यासाठी धारावीबाहेर भाड्याच्या वा भाडेखरेदीच्या घरांची सोय सांगितली आहे, म्हणजे कामाची जागा आणि घर यांची ताटातूट. माळ्याची नक्कल चढ्या दरानं भाड्यानं जाते आणि खऱ्या माळ्यावर राहणारा हक्काच्या घराच्या यादीतही नसतो.

गिरण्यांचंही हेच झालं. 1982च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप, त्यानंतरची वाताहत, 1991चा विकास नियम आणि 2001मध्ये त्यात केलेला बदल, यांतून सार्वजनिक वाट्याला येणारी गिरण्यांची जमीन आक्रसली. फिनिक्स गिरणीची चिमणी आज मॉलच्या शेजारी उभी आहे. लोअर परळच्या उपाहारगृहांत उघडे गर्डर आणि विटा मिरवल्या जातात. श्रमाचं रूप जपायचं आणि श्रम करणाऱ्याला निरोप द्यायचा, ही रीत न्यूयॉर्क आणि मुंबईत त्याच सुमारास रुजली. न्यूयॉर्कनं निदान राहणाऱ्यासाठी एक कायदा मागे ठेवला.

यावर एक व्यवहारी आक्षेप येईल. आजच्या तरुणाला दोन वर्षांत नोकरी बदलायची असते, शहर बदलायचं असतं. त्याला हातोडीही नको आणि हमीही नको; चार भिंती, वायफाय आणि सुटसुटीत बाहेर पडणं पुरे. खरं आहे, काहींना एवढंच हवं असतं. पण बाहेर पडायची मुभा आणि बाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भाडेकरूच्या हातात, दुसरी मालकाच्या. मुलाची शाळा, आईवडिलांचा दवाखाना, नवऱ्याची लोकल आणि बायकोची शिफ्ट जुळवून बसलेल्या कुटुंबाला अकराव्या महिन्यात 'यंदा पुतण्याला जागा हवी आहे' असं ऐकावं लागतं, तेव्हा त्याला सुटसुटीतपणा म्हणणं ही थट्टा आहे. दुसरा आक्षेप मालकाचा: हक्क दिला तर भाडेकरू घर बळकावेल. ही भीती 1947च्या कायद्यानं रुजवली आणि ती निराधार नाही. पण ज्या कायद्यात भाडं थकवल्यावर काढता येतं आणि भाडं बाजाराबरोबर वाढतं, त्यात बळकावण्यासारखं उरतं काय?

म्हणून मागणी मोजकी असावी. एक, पहिलं वर्ष नीट गेलं की पुढे मुदत संपणं हे घर सोडायला लावण्याचं कारण नसावं. कारणं कायद्यात लिहावीत आणि वाढीचं सूत्र करारात. दोन, पार्टिशन, फळ्या, पंखा, रंग ही कामं राहणाऱ्याच्या अखत्यारीत असावीत, आणि जी टिकाऊ सुधारणा मालक ठेवून घेतो तिची वाजवी किंमत त्यानं द्यावी, लॉफ्टच्या कायद्यासारखी. तीन, अनामत रक्कम मालकाच्या खिशात न राहता वेगळ्या खात्यात राहावी. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यानं राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहेच. आणि चार, माळ्यावर राहणारा माणूस पुनर्वसनाच्या यादीत माणूस म्हणून मोजला जावा.

यातलं बरंचसं कायद्यात यायला वेळ लागेल. पण एक गोष्ट आजही होऊ शकते. 1999च्या कायद्यानंतर आपल्याकडे साठ महिन्यांपर्यंतचा परवाना करार नोंदवण्यात काहीच अडचण नाही; दरवर्षीची वाढ त्यात आधीच लिहिता येते, आणि मालकासाठीचा लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची अट, भाडेकरूलाही मागता येतो. अकरा महिने ही आता कायद्याची सक्ती नाही, दलालाच्या छापील नमुन्याची आहे. दरवर्षी नवा करार म्हणजे दरवर्षी नवी दलाली, हे त्यामागचं साधं गणित. तेव्हा पुढच्या वेळी घर पाहायला जाल आणि मोकळेपणासाठी दोन-चार हजार जास्त मोजायची तयारी असेल, तर जरूर मोजा. फक्त ते उंच छतासाठी मोजू नका, लांब मुदतीसाठी मोजा. आणि दलालानं 'अशी पद्धत नाही' म्हटलं, तर करार मालकाशी समोरासमोर बसून लिहा.